चाकांसाठी दूध

उजाडायच्या आत पोचायचं, दाशन्याम मामा म्हणाला,
संध्याकाळच्या दिव्याखाली सगळ्या गाड्यांचा रंग एकच असतो,
विकणाऱ्याला हवा तो.

उणे अठ्ठावीस. उलानबातरचा गाडीबाजार
कोळशाच्या धुरात अर्धा बुडालेला.
जपानहून उतरलेल्या पांढऱ्या गाड्यांची रांग,
काचांवर खडूने किमती,
खोडलेल्या, पुन्हा लिहिलेल्या.

मामाने चाळीस वर्षं ट्रक चालवला, त्याआधी घोडे पारखले.
हातमोजा काढून तो बॉनेटवर तळवा ठेवतो,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"कोमट आहे. पुढे चल.
आपण यायच्या आत जिला उठवून बसवलंय
ती तुझ्या दारात पहाटे उठायची नाही."

"खाली वाक. रंग सगळेच बघतात, तू गंज बघ.
समुद्राकाठी राहून आल्यात या.
आपल्या देशाला समुद्र नाही,
तो असा गाड्यांच्या पोटाला चिकटून येतो."

"मीटरवर अठ्ठावन्न हजार?
मग ब्रेकवरचं रबर बघ, कसं गुळगुळीत झालंय.
आकडा मागे फिरवता येतो,
टाच नाही फिरवता येत."

"आणि आवडली तरी ताकास तूर लागू द्यायची नाही."
मी मफलर नाकापर्यंत ओढला. हे मात्र सोपं होतं.

सतराव्या गाडीचं बॉनेट बर्फासारखं.
पोट कोरडं. रबर बऱ्यापैकी.
गानसुख नावाच्या माणसाने किल्ली फिरवली
आणि आतून एक बाई जपानीत काहीतरी बोलली,
नम्रपणे, पूर्ण वाक्य.
"काय म्हणते?"
"चार वर्षं रोज सकाळी हेच म्हणते," गानसुख म्हणाला,
"कळत नाही, म्हणून तर आमचं पटतं."
मामा हसला.
तिथेच मला काळजी वाटायला लागली.

मग निघालं की दोघांनीही खोव्दच्या वाटेवर
एकाच खिंडीत, एकाच हिवाळ्यात
ट्रकखाली शेकोटी पेटवून डिझेल वितळवलं होतं.
तपकिरीच्या कुप्या या हातातून त्या हातात गेल्या.
एक कोटी चाळीस लाख तुग्रीक, मामासाठी एक तीस.
तीस जवळचे, एक कोटी कर्जाने.
कंटेनरमधल्या ऑफिसात गानसुखचा भाचा,
चहा, बिस्किटं, सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या.
"महिना फक्त अडीच टक्के. दुपारी गाडी तुमची."

मी दूधडेअरीत हिशेब लिहिते.
कुणी "फक्त" म्हटलं की माझं बोट आपोआप त्या ओळीवर जातं.
छत्तीस हप्ते. मुद्दल महिन्यागणिक उतरणार,
व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या एक कोटीवरच,
शेवटच्या हप्त्यापर्यंत.
खिडकीच्या काचेवर आतून दव गोठलं होतं.
नखाने त्यावर आकडे खरवडले:
अडीच लाख गुणिले छत्तीस.
नव्वद लाख.
एक घ्यायची आणि जवळजवळ दोनचे पैसे भरायचे.
विमा वेगळा. "तो सगळेच घेतात," भाचा म्हणाला.

मामा काचेकडे बघत राहिला.
घोड्याचे दात बघताना बघायचा तसा, डोळे बारीक करून.
मग कुपी खिशात घातली, टोपी चढवली.
"गाडी चांगली आहे," तो गानसुखला म्हणाला,
आणि ते खरं होतं.
"पोरगी आणखी वर्षभर साठवेल."
हे त्याने मला विचारलं नव्हतं.

बसथांब्यावर त्याने कोटाच्या आतून
शालीत गुंडाळलेली बाटली काढली.
दूध. नव्या गाडीच्या चाकांवर शिंपडायचं.
म्हणजे घरून निघतानाच याचं ठरलं होतं,
ताकास तूर मला लागू दिली नव्हती.
"आता काय करायचं याचं?" तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

आम्ही ते प्यायलो, आळीपाळीने, तोंड लावून.
बर्फाच्या चिपा दाताखाली येत होत्या.

बस आली. चढण्याआधी मामाने हातमोजा काढला
आणि सवयीने तिच्या नाकाडावर तळवा टेकवला.
गरम होती.
चढलो.